दोन जावा आणि एक अमावास्या

आमच्या आईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण मला वाचायला तिनंच शिकवलं. हसू नका, ऐका.

मी रोह्याला कॉलेजात होते, घर पेणच्या खाडीकाठच्या खारेपाटात. सरांनी एका गोष्टीतल्या दोन जावांची तुलना लिहायला दिली. सासरा वारतो. धाकटी मयतापाशी रडत बसते, थोरली घमेलं घेऊन बांधावर माती टाकायला जाते. मी ठोकून दिलं: धाकटी मायाळू, थोरली दगड.

आईला ते वाचून दाखवलं, तर म्हणाली, "गोष्ट वाच." वाचली. "परत वाच." परत वाचताना तिनं मधेच अडवलं. "थांब गो! कवा वारला म्हातारा?"

"अमावास्येला."

"मंग? उधाणाची भरती रडनं सरायची वाट बघनार हाय? बांध फुटला तर म्हाताऱ्याची समदी शेती खारी व्हईल. त्याचीच शेती राखाया गेली ती!"

खारेपाटात वाढून 'अमावास्या' हा शब्द मी दोनदा नुसता ओलांडला होता. पानं फाडली, नव्यानं लिहिलं, खाली 'हे आईनं दाखवलं' असंही लिहिलं.

सरांचा शेरा आला, "तुझ्या आईंना माझा नमस्कार सांग."

आईला वाचून दाखवला. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "परत वाच गो. काय सुटला तर नाय ना?"