जोडवी वाजली म्हणे

तुम्ही हसा खुशाल, पण मेटल डिटेक्टर शिकाले मले पायातली जोडवी काढा लागली.

मी नवीनच वनरक्षक झाली होती. शिकारी पाणवठ्याजवळ लोखंडी सापळे पुरतात, ते शोधाले आमच्याकडे हे मशीन आलं. शिकवाले आलेल्या साहेबांनी जप्तीतला एक सापळा पुरून ठेवला अन् म्हणाले, "शोधा."

मी पायवाटेनं मशीन फिरवत निघाली. अर्जुनाच्या झाडापाशी ते कोकललं.

"तिथे काही नाही," साहेब लांबूनच बोलले. "तुमची जोडवी वाजतात."

"बुटात आहेत ना, साहेब!"

"काढा तरी."

नवरा धडधाकट असताना जोडवी काढाची! मी रागातच मागं आली, बूट साहेबांपाशी ठेवले, जोडवी आमचे वनमजूर गोमाभाऊंच्या हातात दिली अन् अनवाणी परत गेली. मशीन पुन्हा तिथंच कोकललं.

"आता बांगड्या काढा," साहेब हसले.

"काचेच्या आहेत त्या."

गोमाभाऊ माझ्या मागोमाग तिथवर आले होते. माझ्या पायाजवळच्या पाल्यात त्यांनी काठी खुपसली. खाडकन आवाज झाला अन् काठीचे दोन तुकडे झाले.

साहेब तिथूनच म्हणाले, "मी पुरलेला सापळा तर तारेनं बांधलेला आहे, तो मिटत नाही. तो तिकडे, जांभळाखाली."

"साहेब, माझे बूट आणून द्या."

साहेब जागचे हलले नाई. म्हणाले, "आधी ते मशीन इकडे द्या."