कोपराले हात

नाई नाई सायेब, बसा तुमी — उडवल्याबिगर चालतच नाई ना! तुमचं म्हननं बरोबर आहे, जुनी पिस्तूल आहे, नळीले काई झालं तर पुन्हा भेटनार नाई — पन आज दसरा आहे. आज नाई उडवाची तर कवा उडवाची, होळीले? आमच्या गावाची रीत आहे, मनसारामच्या घरचा बार झाल्याबिगर गाव शिव ओलांडत नाई, आनि शिव ओलांडल्याबिगर कोनी कोनाले सोनं देत नाई. आपट्याची पानं घेऊन सारे तसेच उभे राह्यते. मनसाराम म्हन्जे मीच. — कुंता, सायेबाले च्या आन वो! माही बायको होये. — तुमी आलापल्लीकडून आले का? मंग पह्यले कंबर जाग्यावर आहे का ते पाहून घ्या, त्या रोडनं माह्या मेव्हन्याचं आडवं झालेलं बाळंतपन उभं केलं म्हन्ते लोक — म्हन्जे त्याच्या बायकोचं. असो.

तर तुमी नागपूरवरून इतक्या दूर एका पिस्तुलासाठी आले. छंद आहे म्हन्ता. असतेत लोकाईले एकएक छंद. ते काय, ताटात, लाल फडक्याखाली. नाई, हात नका लावू, कुकू वाहून झालं, बारूद भरून झाली, आता बार होयेपर्यंत माह्याशिवाय कोनी शिवत नाई. माह्या आजाची आहे. लाकडाच्या कामावरचा गोरा सायेब होता कोनीतरी, प्रान्हितेच्या पुरात डोंगा उलटला, आजानं त्याले शेंडीले धरून — शेंडी कुठची गोऱ्याले, कॉलरले धरून काढला. त्यानं जाताजाता कमरेची काढून देल्ली. परवाना आहे, घाबरू नका, निवडनूक आली का ठान्यात नेऊन ठेवतो. तवापासून धान निसवलं का दसऱ्याले एक बार. गोळी नाई घालत, नुसती बारूद. डुकराईले खबर का बाबाहो, या धानाले मालक आहे. डुकरं काई ऐकत नाई, ते वेगळं.

आनि उडवाचीबी पद्धत आहे. मोठ्या भावानं उडवाची आनि लहान्यानं मांगून त्याच्या कोपराले हात लावून उभं राह्याचं. असा. धक्का दोघाईले बसला पायजे. माहा बा आनि काका तसेच उभे राह्यत, मंग मी आनि भूपेश. माहा लहाना भाऊ. लहाना म्हन्जे पोरासारखाच — माय गेली तवा तो रांगत होता, कुंतानं आनि मीच मोठा केला. आमाले लेकरू झालं नाई, त्याचं दुख बी कधी वाटू नाई देल्लं त्यानं. दात येऊन राह्यले होते तवा काय सापडन ते चावे. एकदा दसऱ्याले ही पिस्तूल काढून ठेवलेली, मी आंघोळीले गेलो, येऊन पाह्यतो तर हा मूठ तोंडात घालून बसलेला! शिसवीची मूठ, तिच्यावर चार दाताईचे खड्डे. बा माह्यावरच कावला. मी दरसाल बार काढाच्या पह्यले त्या खड्ड्याईत अंगठा ठेवतो. सवय झाली.

तो का? आहे ना, तो पाहा फाटकाच्या बाहेर आंब्याखाली, निळा शर्ट. अहेरीले राह्यते आता, ठेकेदारी आहे, ती चॉकलेटी गाडी त्याचीच. नाई, औंदा तो मांगं नाई उभा राह्यनार. सकाळी म्हन्ला, दादा, खांदा भरून आला माहा, औंदा तू एकटाच उडव. म्हनलं ठीक आहे बाप्पा, कामाचा मानूस, खांदा भरनारच. मले थोडं कसंतरी झालं, आता तुमच्यापाशी काय लपवू. लय करते तो माह्यासाठी. माह्या डोळ्याचं आपरेशन त्यानंच करून आनलं. उन्हाळ्यात पिस्तुलबी त्यानंच चंद्रपुरले नेऊन पालीश करून आनली. अशी चमकते का ओळखू येत नाई! दाताचे खड्डेबी भरून टाकले त्या कारागिरानं. म्हनलं, अरे, ते कायले भरले? तर म्हने, दादा, नवीन दिसाले पायजे. मी उगाच अंगठा फिरवत बसलो मंग.

काय म्हन्ता? गज पायजे? बारूद दाबाचा गज? तो आहे ना, देवाजवळ. त्याची पूजा वेगळी होते, कुंता त्याले घराबाहेर जाऊ देत नाई, पालीशलेबी नाई जाऊ देल्ला. पन तो तुमाले कायले पायजे, नुसता गज? — संच पुरा होते. कोनता संच? — आनि एक सांगतो, औंदा तो गज नळीत पुरा गेलाच नाई. अर्ध्यात अडकला. म्हनलं पालीशचा मळ बसला असन, शेवटी बांबूच्या काडीनं दाबली बारूद. — काय, फोटो? दाखवा. थांबा, चष्मा — हं. आमचीच आहे. भूपेशनं पाठवला का हा? तुमी काढला? कुठी काढला, हे काचेचं कपाट कोनाचं होये? मोठा करा जरा. मूठ मोठी करा.

हे खड्डे आहेत सायेब.

चार. हा एक जरा वाकडा, त्याचा तो दात वाकडाच आला होता.

म्हन्जे ही तुमच्या घरी आहे. आताबी? — उन्हाळ्यापासून. — नाई, तुमी कायले घाबरता, तुमी दाम देऊन घेतली, तुमचा काय गुन्हा. त्यानं काय सांगतलं, दादाले विचारलं आहे म्हनून? हं. — मंग हे काय आहे या फडक्याखाली? जोडीतली दुसरी, असं सांगतलं त्यानं? नाई हो, जोडी कुठची, एकाच कमरेची एक. घ्या, पाहा आता, लावा हात. मीच सांगून राह्यलो ना, लावा. — शोभेची. भिंतीवर टांगाची. ओतलेली, नळी आतून अर्धीच पोकळ. आनि अशात बारूद भरून चाप ओढला तर? सांगा ना, मघापासून तर लय सांगत होते नका उडवू, नका उडवू. — फुटन. हातातच? — हातातच. आनि तोंडाजवळ धरली तर तोंडबी.

कुंता, तू आत जाय. काई नाई झालं, तू आत जाय मी म्हन्तो.

विकली त्याचं नाई हो सायेब. खरंच सांगतो. मले येऊन म्हन्ला असता, दादा, अडचन आहे, विकतो — मी लय शिव्या घातल्या असत्या, आठ दिस बोललो नसतो, मंग बोललो असतो. लोखंडच आहे शेवटी. पन सकाळी तो या बाजंवरच बसला होता. इथी. मी त्याच्या डोळ्यासमोर बारूद भरत होतो, गज अडकला तवा तो पाह्यत होता, आनि बारूदचा डब्बा — डब्बा त्यानंच उचलून देल्ला माह्या हातात. मंग म्हने खांदा भरला. समजलं तुमाले? त्याले मालूम होतं. तो खांदा नाई भरला त्याचा, तो बाजूले सरला. दादा, नको उडवू — एवढंच म्हनाचं होतं. कारन नसतं सांगतलं तरी चाललं असतं, खोटं सांगतलं असतं तरी चाललं असतं. मी ऐकलं असतं ना त्याचं. त्याचं मी कवा नाई ऐकलं?

डफडे आले फाटकाशी. झालं, बलावून राह्यले. — नाई उडवत सायेब, हात सोडा माहा. वेडा नाई झालो मी. घोड्याखालची ठिनगीची टोपी काढून ठेवली, ही पाहा, खिशात. आता ही नुसती शोभेचीच आहे. पन हे तुमाले मालूम आहे, त्याले नाई. उभे राह्या इथीच, मले एकच गोष्ट पाहाची आहे.

ए, थांबवा रे डफडे! — भूपेश! ये गा इकडं. अरे ये ना, खांदा दुखते तर दुसरा हात लाव, कोपराले लावाचा आहे, धान थोडीच उचलाचं आहे. — नाई येत? बरं. तिथूनच सांग मंग. गोष्ट अशी आहे का औंदा माहं मन होत नाई, गज अडकला ना सकाळी, तू होता. तू सांग. तू म्हनशीन तर ठेवून देतो, गावाले मी समजावतो. हे पाहा, धरली मी. घोडा चढवला. उडवू का गा?

ऐकू नाई आलं. जोरानं सांग.

ऐकलं ना सायेब? तुमीबी ऐकलं ना? उडव ना दादा म्हन्ते, लोकं थांबून आहेत म्हन्ते.

— चाला रे! बारूद ओली झाली औंदा, बार नाई होत! तसेच चाला शिवेवर, काई नाई होत, चाला! हो, भूपेशलेबी न्या, त्याच्या हातून पूजा करा, माहं डोकं दुखून राह्यलं. — कुंता, देवाजवळचा गज आन वो! — हे घ्या सायेब. घ्या, दाम नाई पायजे. नाई, काईच नाई पायजे. तुमच्या घरी त्या खड्ड्याईजवळ ठेवा. आता उठा. गाडी मांगच्या रस्त्यानं काढा, शिवेवरून नका जाऊ — तिकडं सोनं वाटाले सुरू होईन, तो येईन आता माह्या पाया पडाले, आनि मले आतून कडी लावाची आहे.