एका डोळ्याचे दोन डॉक्टर

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, आणि छापखान्याच्या मंद दिव्यांखाली डोळे ताणून वर "चूक तुमचीच" हे ऐकत आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मघाशी मुद्रितशोधक म्हणून माझ्या नजरेचं फार कौतुक झालं. ते मला परत करावं लागेल. गेली काही वर्षं माझ्या नजरेतून शब्द गळत होते आणि मी ते लपवत होतो. सांगणार कोणाला? ही गेल्यापासून घरात बोलायला रेडिओ. लेक फोनवर विचारायची, "बाबा, बरे आहात ना?" मी म्हणायचो, "ठणठणीत."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. डोळ्यातला दाब नॉर्मल, तरीही काचबिंदू. तो दाब आणखी उतरवायला थेंब दिले. मी नेमाने घातले, तरी नजर झिजतच राहिली. तिकडे रक्तदाबाचे डॉक्टर माझ्यावर खूश. त्यांची एक गोळी सकाळी, एक झोपताना. दोघांच्या फायली मी दोन पिशव्यांत ठेवायचो. व्यवस्थितपणाचा केवढा अभिमान!

एकदा छापखान्यात चष्मा शोधताना दोन्ही पिशव्या टेबलावर रिकाम्या केल्या. मला मूळ प्रत वाचून दाखवणाऱ्या बाई हसल्या. "काय दादा, दुकान मांडलंत?" मग कागद चाळत म्हणाल्या, "मूळ प्रत शेजारी नसेल तर तुम्ही प्रुफाला हात लावत नाही. मग हे दोन कागद कोणी ताडून पाहिले?"

कोणीच नाही. डोळा एका डॉक्टरांचा, रक्त दुसऱ्यांचं, ही माणसाची वाटणी कोणी केली? रागावलो मी, पण सांगायला तोंड तर मलाही होतं.

दोन्ही फायली डॉक्टरीणबाईंसमोर ठेवल्या. त्यांनी रक्तदाबाच्या डॉक्टरांना फोन केला. चोवीस तास दंडाला यंत्र बांधलं. झोपेत माझा रक्तदाब इतका खाली जायचा, की डोळ्याच्या नसेला रक्त कमी पडत असावं, असं दोघांचं मत पडलं. दोघांनी मिळून रात्रीची गोळी सकाळी आणली, मात्रा कमी केली. वर्षभर नजर टिकून आहे. गेलेली मात्र परत येत नाही. त्या बाजूला बसलेल्यांनो, तुमच्या टाळ्या पोचल्या, चेहरे नाही पोचले.

आपण सर्वांनी दिलेल्या प्रेमाचा मी ऋणी आहे. कडक बोललो असेन तर पोटात घाला. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनो, ती मनाने बंद करू नका. फक्त पुढच्या खेपेला दोन्ही फायली दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा, "हे दोन्ही एकत्र वाचलंत का?"