चोंबडा

नाही नाही, माउसचा बाण तिकडे नका नेऊ ताई — तो कोपऱ्यातला रंगीत गोल आहे ना, त्याच्यावर बाण गेला की तो जागा होतो — झाला बघा. ‘आज मी आपली काय मदत करू?’ काही नको बाबा, गप पड. आम्ही त्याला चोंबडा म्हणतो. आम्ही म्हणजे मीच. मुलगा आणि सून काही म्हणत नाहीत, त्यांच्या ऑफिसात असले ढिगाने आहेत, त्यांना सवय झालीये. तुम्ही नीट बसा, ती खुर्ची डुगडुगते, उजवीकडे भार टाकू नका. तर दुकानात सांगितलं तेच — ही सिस्टीम मुळासकट काढायची आणि तुम्ही पेनड्राइव्हमध्ये आणलीये ती घालायची, जिच्यात असलं कुणी बसलेलं नाही. नाहीये ना? नक्की? मागून अपडेट म्हणून येणार नाही ना? कारण हा तसाच आला. एके दिवशी मशीन लावलं, ‘थांबा, काही नवीन सोयी घालतोय’ म्हणालं, मी चहा टाकून आलो तर हा कोपऱ्यात बसलेला. कुणी बोलावलं होतं? मी बंद केला. भिंग घेऊन बसलो, सात ठिकाणी टिचक्या मारल्या, बंद केला. पुढच्या अपडेटला परत हजर. असं तीनदा. माणूस असता तर त्याला लाज तरी वाटली असती.

मुलाला? मुलाला कशाला विचारायचं, सांगीन की नंतर. दोघं साडेसहाला येतात, तोवर होईल ना? त्याची कामाची कागदपत्रं तुमच्या त्या हार्डडिस्कच्या डबीत उतरवून घ्या म्हणजे झालं, त्याचं काही जायला नको. त्याचं नुकसान करायचं नाहीये मला. मशीन दोघांचं एकच, हॉलमधलं, तो सुट्टीच्या दिवशी बसतो, मी दुपारचा बसतो. आणि हा चोंबडा दोघांच्याही मानेवर. तुम्हाला माहीत असेल, तुमचा धंदाच आहे — पडद्यावर जे जे दिसतं त्याचा दर थोड्या वेळाने फोटो काढून ठेवतो म्हणे. सगळ्याचा. तुम्ही काय वाचलंत, कुणाला काय लिहिलंत, लिहून काय खोडलंत. आणि मग विचारा त्याला, तो सांगतो. कुणीही विचारा. ‘तुमच्या सोयीसाठी.’ अहो, लपून बघणाऱ्याला आम्ही पूर्वी वेगळा शब्द वापरत होतो, तो बाईमाणसासमोर नको.

मी वाचनालयात होतो. चौतीस वर्षं. काउंटरवर एक जाड नोंदवही असायची, कुणी कुठलं पुस्तक नेलं ते तिच्यात. ती वही मी कुणाला दाखवली नाही. विचारणारे खूप असतात, तुम्हाला वाटतं त्याहून जास्त. आमच्या संस्थेचे चिटणीस — माझे वरिष्ठ, माझी नोकरी त्यांच्या हातात — एकदा दुपारी आले, वाकले, हळूच म्हणाले, आमच्या सौ. हल्ली कुठली पुस्तकं नेतात, जरा बघू. त्यांच्या सौ. घटस्फोटाच्या कायद्याची पुस्तकं नेत होत्या, मला माहीत होतं, मीच काढून दिली होती वरच्या फळीवरून. मी वहीवर कोपर टेकलं आणि म्हटलं, साहेब, शाई ओली आहे. ओली. चार वाजता, उन्हाळ्यात. कळलं त्यांना. दोन वर्षं मला तळघरात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधायला बसवलं, अजून खोकला आहे तिथला. पण बोललो नाही. त्या बाई पुढे एकदा पुस्तक परत करायला आल्या, नुसता काउंटरवर क्षणभर हात ठेवला आणि गेल्या. मला तेवढं पुरलं. तर अशा माणसाच्या घरात हा चोंबडा आणून बसवायचा म्हणजे काय, तुम्हीच सांगा.

बघितलं का मी त्यात काही? मी कशाला बघू? माझा चष्म्याच्या नंबराचा कागद सापडत नव्हता, तेवढं एक विचारलं होतं. बुधवारी. आणि त्याने ते सोडून भलतंच — नाही. थांबा. तुम्ही मघापासून मान खाली घालून काम करताय, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? कागद माझ्या खिशातच होता. मी विचारलं त्याला. एका बोटाने टाईप करून विचारलं — माझा मुलगा माझ्याबद्दल काय लिहितो? चौतीस वर्षं ज्याने वहीवर कोपर ठेवलं त्याने विचारलं. कारण घरात काहीतरी पाणी मुरतंय हे दिसत होतं मला. मी खोलीत गेलो की दोघांचं बोलणं थांबायचं. सून चांगली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही, पण एकाएकी जास्तच चांगली वागायला लागली, त्याची भीती वाटते माणसाला.

गोल फिरला दोनदा आणि चार ओळी आल्या. चारच. म्हणे तीन वृद्धाश्रमांची माहिती काढली आहे. म्हणे एका ठिकाणी पत्र पाठवलं आहे. म्हणे तळमजल्यावरच्या खोलीची चौकशी केली आहे. आणि चौथी ओळ पत्रातली जशीच्या तशी — ‘वडील सध्या आमच्याकडे राहतात, पण त्यांना एकटं ठेवणं आता धोक्याचं वाटतं.’ आणि खाली, ‘आणखी काही मदत हवी आहे का?’ सध्या. हे घर मी बांधलं, ताई. तुम्ही बसलाय ती डुगडुगती खुर्ची माझी, ती डुगडुगायला लागली तीसुद्धा तो लहानपणी तिच्यावरून उड्या मारायचा म्हणून. सध्या आमच्याकडे. गॅस मी एकदा चालू ठेवून बाहेर गेलो हे खरं आहे. बरं, दोनदा. दुसऱ्या वेळी भांडं जळून काळं झालं, पडद्याला धग लागली, शेजारीण धावून आली. मला कळत नाही असं नाही. पण तोंडावर सांगावं ना. पोटचा मुलगा, समोर बसून रोज जेवतो, वाढतो मला, आणि लिहितो परक्याला.

मग मीही काही कमी नाही. पत्र गेलं त्याच आश्रमात मी फोन केला, त्याच दुपारी. तिथल्या बाईंना म्हटलं, मी येतोय, एक तारखेपासून, खोली धरून ठेवा. त्या म्हणाल्या, तुमच्या मुलाशी बोलते. म्हटलं, अजिबात नको, त्याला मी सांगणार आहे. सांगितलेलं नाही. परवा एक तारीख. सकाळी बॅग घेऊन हॉलमध्ये उभा राहणार आणि म्हणणार, निघतो रे, मला कंटाळा आला इथे, मीच ठरवलंय. त्याला वाटू दे माझीच कल्पना. त्याला कधी कळता कामा नये की मी वाचलं, म्हणून तर तुम्हाला बोलावलं. त्याने उद्या चोंबड्याला विचारलं, बाबा काय बघत होते, की सांगून मोकळा होईल तो. माझं मोठेपण आहे असं समजू नका यात. थोडा सूड आहे. थोडा नाही, बराच आहे. त्याला एक वाक्य माझ्यासमोर बोलायचं होतं, ते मी त्याला आता जन्मभर बोलू देणार नाही.

काय म्हणालात? नव्या सिस्टीमवर नावं कुणाकुणाची घालू? एकच घाला, त्याचं.

काय झालं? थांबलात का? ते कुठलं उघडलंत — अहो, ते चोंबड्याचे फोटो, ते डबीत नाही उतरवायचे, तेच तर पुसायचेत. चुकून उघडलं, बरं, मिटा. मिटा ना. रविवारचं आहे? रविवारचं मला माहीत नाही, मी विचारलं ते बुधवारी, त्यानंतर त्याच्याशी बोललेलो नाही. मला इथून नुसत्या काळ्या ओळी दिसतात, चष्मा बॅगेत आहे, बॅग पलंगाखाली. तुम्ही वाचताय ताई. तुमचे ओठ हलतायत. त्याच जागेला लिहिलंय का? त्याने, रविवारी, परत — नाही. नका सांगू. माझ्याकडे असं बघू नका. वाईट असेल तर तेवढं माझ्याकडे आहेच. आणि चांगलं असेल तर — चांगलं असेल तर मी काय करू, सांगा ना, मी त्याच्याबद्दल इतके दिवस जे जे मनात आणलं ते कुठे नेऊन टाकू? दुसऱ्याचं पत्र आहे ते. एकदा वही उघडली मी, परत नाही उघडायची. तुम्ही वाचलंत ना, आता तुमच्या पोटात ठेवा, मी चौतीस वर्षं ठेवलं तसं. तोंड उघडू नका. कृपा करा. पुसा ते. हेच बटण ना? दाबा.

दाबलंत?

बरं. पाऊण तास लागेल म्हणता, लागू दे. मी आत पडतो जरा. झालं की जा तुम्ही, मला हाक मारू नका, दार नुसतं ओढून घ्या, ते आपोआप लागतं.