सहासष्ट दिवस रिकामं घर

बसा मंडळी, बसा. मागच्यांनी पुढं सरका. विठ्ठलाचं नाव एकदा मोठ्यानं घ्या… असं नाही, तो कमरेवर हात ठेवून इतका वेळ उभा आहे, त्याला ऐकू तरी जाऊ द्या! हां. आता कसं!

मी मघाशी मंडपाबाहेर जरा रेंगाळलो. तुम्हाला वाटलं, बुवा पाय धुतायत. नाही! मी चपला मोजत होतो, माझी नि पेटीवाल्यांची सोडून. एकशे बेचाळीस जोड. हसू नका. मागल्या गावात माझीच गेली, तेव्हापासून ही सवय लागलीय. आकडा लक्षात ठेवा, एकशे बेचाळीस. मी शेवटी विचारणार आहे.

आता आजचा प्रश्न. पोरीचं स्थळ ठरायची वाट, बदलीच्या हुकमाची वाट, निकालाची वाट – आपण सगळे कशाची ना कशाची वाट बघत असतो. मग मला सांगा, वाट बघणारा माणूस राहतो कुठं? पत्ता काय त्याचा? जिथून निघायचंय तिथं तो नसतो, आणि जिथं जायचंय तिथं अजून पोचलेला नसतो. मग असतो कुठं? कुणाला येतंय उत्तर? पेटीवाले? तुम्ही सूर धरा, उत्तर मी देतो!

ऐका तर. तासगावात शालनताई खरमाटे म्हणून एक बाई. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स. अर्धं गाव तिच्या हातावर जन्माला आलेलं! मालक वारले. एकच मुलगी, प्रणोती, हुबळीला दिलेली. पोरीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण डॉक्टर म्हणाले, प्रवास नाही, अंथरुणातून उठायचंसुद्धा नाही. पोर फोनवर रडली, "आई, गावाची बाळंतपणं केलीस, माझ्या वेळी असशील ना?" आई म्हणाली, "असणार म्हणजे असणार. घर विकते नि कायमचीच येते."

तारीख दिली होती एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याची.

घर छोटं. तीन खोल्या, पुढं ओटा, परसात तुळस. तातोबा नावाच्या दलालानं गिऱ्हाईक आणलं. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले बाहुबली आवटी. सज्जन माणूस! पण सावकाश. तातोबानं आधीच सांगितलं होतं, "ताई, आवटीसाहेब चहासुद्धा तीन बैठकांत पितात. पण शब्दाचे पक्के आहेत." बारा जानेवारी, सोमवार. तातोबाच्या दुकानात विसार पावती झाली. खरेदीखताला महिनाभराची बोली. "तोवर गाव सोडू नका ताई, बोलावलं की सही लागेल," तातोबा म्हणाला.

शालनताई घरी आली आणि – इथं चूक झाली मंडळी, नीट ऐका – तिनं पहिल्यांदा देव उतरवले.

तुमच्याकडं काय रीत आहे? घर सोडताना देव कधी हलवायचे? मावशी, तुम्ही सांगा. शेवटी! बरोब्बर. सगळं सामान गेलं, झाडलोट झाली, उंबऱ्यावर दिवा ठेवला, की मग देव मांडीवर घेऊन निघायचं. शालनताईला सासूनं हे स्वतः सांगितलेलं. पण ती म्हणाली, "आता आठ-पंधरा दिवसांचाच तर प्रश्न!" खंडोबा-जोतिबाचे टाक लाल फडक्यात गुंडाळले, पत्र्याच्या डब्यात घातले, डबा खोक्यात नि खोकं दोरीनं आवळून बांधलं. मग दारावरची पाटी काढली. कॅलेंडर काढलं, इथं पुढचा महिना कशाला बघायचा? आरसा गोधडीत गुंडाळला. तुळशीला पाणी घालायचं सोडलं, नवा मालक घालील! एक खुर्ची, एक भांडं, एक चटई ठेवली बाहेर. आणि बसली वाट बघत.

एकोणीस जानेवारी, सोमवार, दुपारी चार. आवटी आले. दार उघडंच होतं. पायांत चपला तशाच ठेवून ते सरळ आत शिरले. ताईला राग आला, पण गिऱ्हाईक! गिऱ्हाइकाला कोण बोलणार? ती म्हणाली, "या साहेब, बसा. कागदाचं कधी करायचं?"

आवटी वर आढ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "थांबायला पाहिजे."

"किती थांबायचं?"

"बघू. पुढच्या खेपेला." आणि गेले!

दोन फेब्रुवारी. सोमवार. चार. पुन्हा चपलांसकट आत. या वेळी ताईनं चहा केला. कप खिडकीच्या चौकटीवर ठेवला. "घ्या साहेब." त्यांनी हात लावला नाही. खिशातून टेप काढली, भिंत मोजली, स्वतःशी मान हलवली. "आजही नाही," म्हणाले. गेले.

हसताय? माणूस म्हणजे तालुक्याचं ऑफिस झालं, खिडकीशी गेलं की 'उद्या या'! पण हळूहळू हसा मंडळी. इथून पुढं गोष्ट जरा गार होत जाते.

त्या आठवड्यात दूध आलं नाही. सर्जेराव दूधवाला तिला कोपऱ्यावर दिसला. ताईनं विचारलं, "का रे, दोन दिवस आला नाहीस?" सर्जेराव दचकला, डोळे बारीक करून तिच्याकडं बघत राहिला, जणू लांबचं काही वाचतोय. "ताई? … तुम्ही गेला नाही का अजून? मी हाक मारली की. दार उघडं, आत कुणीच नाही."

ताई दोन्ही दिवस त्याच वेळी दारातल्या खुर्चीवर बसली होती.

सोळा फेब्रुवारी. आवटी आले, परसात गेले, वाळल्या तुळशीपाशी उभे राहिले, परत फिरले. ताई त्यांच्या मागून चालत बोलतेय, "साहेब, पोर अडली आहे हो माझी!" त्यांनी दार पुढं ओढलं आणि निघून गेले.

ताईनं तातोबाला फोन लावला. तातोबा म्हणतोय, "हॅलो? हॅलो? कोण बोलतंय? काही ऐकू येत नाही." पोरीला लावला. प्रणोती म्हणाली, "आई? आई, बोल ना. नुसती घरघर येतेय… रिकाम्या खोलीसारखी." ताई ओरडत होती मंडळी! घसा फुटेस्तोवर!

दोन मार्च, तेच. मग सोळा मार्च. हे मला खुद्द आवटींनी सांगितलं, आणि मी दोनदा विचारून घेतलं.

घरात एकच खुर्ची. ताई तीवर बसलेली. बरोबर चारला आवटी आत आले, चपलांसकट, आणि त्या खुर्चीवर बसायला वळले. तिच्यावर! ताई कशीबशी उठून भिंतीला चिकटली. आवटी बसले. बसले, आणि तसेच पुन्हा उठले. खुर्चीवर तळहात ठेवला. हळूच म्हणाले, "ऊब आहे अजून."

मग खिडकीकडं बघितलं. "उन्हाची असेल."

मंडळी, ती खोली उत्तरेची. त्या खोलीत ऊन येत नाही. घर बांधल्यापासून आलेलं नाही!

आवटी त्या दिवशी टेप तिथंच विसरून भरभर निघून गेले.

आता एकोणीस मार्च, पाडवा. सकाळचे दहा. गल्लीत सोळा घरं. शेजारची सिंधू आणि तिची जाऊ ओट्यावर बसून गुढ्या मोजतायत. "पंधरा झाल्या की गं."

"सोळावी कुठली?"

"सोळावं शालनताईंचं. रिकामं आहे ना ते. कधीच गेल्या त्या हुबळीला."

"भेटल्या पण नाहीत जाताना!"

"अगं, माणूस एकदा जायला लागलं की असंच."

आणि शालनताई कुठं होती? त्यांच्यापासून चार हातांवर. आपल्या दारात. "सिंधू! अगं, मी आहे! मी आहे की इथं!" सिंधूनं मान वर केली. ताईच्या अंगावरून नजर पलीकडं गेली, भिंतीवर टेकली, परत आली. "बाई गं, कसलं गार वारं सुटलं," म्हणाली, आणि पदर अंगाभोवती घेतला. मार्च महिन्यात!

ताई आत आली. हात बघितले स्वतःचे. आरसा शोधायला लागली, तो गोधडीत, गोधडी खोक्यात. खोकी उचकटता उचकटता हाताला लागलं देवांचं खोकं. आणि तिला सासू आठवली. देव शेवटी! मी देव आधी काढले. घर मी बारा जानेवारीलाच सोडलं. मग इथं राहतंय कोण?

दातांनी दोरी तोडली तिनं! डबा उघडला, लाल फडकं सोडलं. देवळी पुसली, टाक मांडले, दिवा लावला. तुळशीला कळशीभर पाणी. कॅलेंडर खिळ्याला. पाटी दाराला. काठी धुतली, नवं पातळ बांधलं, वर तांब्या घातला, आणि बारा वाजता, सगळ्या गावाच्या मागनं, सोळावी गुढी उभी राहिली.

"अय्या! ताई!" सिंधू ओट्यावरनं ओरडली. "कधी आलात?"

शालनताई म्हणाली, "आत्ताच."

आवटी यायला अजून अकरा दिवस होते. वाट संपली का? नाही! वाट तेवढीच लांब. पण हे अकरा दिवस बघा! बाईनं कैरीचं लोणचं घातलं. सर्जेरावाला पातळ दुधावरनं फैलावर घेतलं. तातोबाला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, हळू! कानठळ्या बसल्या!"

तीस मार्च, सोमवार, चार. आवटी आले, बरोबर तातोबा. फळीवर लोणच्याची बरणी, देवळीत दिवा. आवटी उंबऱ्याशी थांबले. खाली वाकले. चपला काढल्या! आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या दारात म्हणाले, "आत येऊ का?"

"या."

"ताई, होता कुठं इतके दिवस? पाच वेळा आलो मी! दार सताड उघडं, माणूस नाही. मालकीण भेटल्याशिवाय कागद कुणाशी करायचा? म्हणून थांबलो."

"पाच वेळा मी तुमच्याशी बोलले साहेब. चहा दिला."

आवटींनी खिडकीच्या चौकटीकडं बघितलं. "एक कप होता खरा. गार. मला वाटलं, कुणीतरी विसरून गेलं."

तातोबानं हळूच दोन पावलं दाराकडं घेतली!

ताई म्हणाली, "साहेब, गुरुवारी सकाळी अकराला सही. नाहीतर विसार परत घ्या, घर माझं. मी कुलूप लावून पोरीकडं जाते."

"गुरुवारी अकराला," आवटी म्हणाले. इतकंच हवं होतं हो त्यांना, समोर एक माणूस!

दोन एप्रिल, खरेदीखत. घर झाडलं, उंबऱ्यावर दिवा ठेवला, आणि सगळ्यात शेवटी टाकांचा डबा मांडीवर घेऊन ताई हुबळीच्या गाडीत बसली. अकरा एप्रिलला प्रणोतीला मुलगी झाली. पहिला हात आजीचा लागला. दिलेला शब्द पाळला!

पण एक गोष्ट उरते. आवटी त्या घरात राहतात. वर्ष झालं. सोमवारी चारच्या सुमाराला ते खुर्चीवर बसण्याआधी तळहात ठेवून बघतात. मी विचारलं, "का हो?" म्हणाले, "बुवा, अजून ऊब असते."

ताई तर हुबळीला, नात मांडीवर घेऊन बसलेली. मग तिथं कोण? बारा जानेवारी ते एकोणीस मार्च, सहासष्ट दिवस. ताई जे जगलीच नाही. ते दिवस जाणार कुठं? ते बसलेत तिथं, वाट बघत.

म्हणून सांगतो, गिऱ्हाईक सावकाश असू द्या, कागद लांबू द्या, पोरीचं स्थळ रखडू द्या. पण देव आधी उतरवू नका. दिवा लावा, लोणचं घाला, तुळशीला पाणी द्या. निघायच्या दिवशी निघा, एक दिवसही आधी नाही.

आता आकडा आठवतो का? चपला एकशे बेचाळीस जोड.

बोलता बोलता मी तुम्हालाही मोजलं. सतरंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तीनदा. एकशे अडतीस भरता.

बाहेर गेलेलं कुणी दिसलं नाही. अनवाणी घरी गेलेलं तर नाहीच. मग चौघं इथंच आहेत. कुणी उद्याच्या गाडीत बसलंय, कुणी पुढच्या महिन्यात.

पेटी थांबवा जरा. मंडळी, मागं वळू नका. नुसता हात बाजूला करा आणि आपल्या शेजारच्या सतरंजीवर ठेवा.

रिकामी आहे?

ऊबदार आहे का, ते बघा. असेल, तर त्याला नावानं हाक मारा.