दहाव्याला राखलेलं डोकं

मी मूळची कणकवलीकडची. लग्न होऊन लालबागला आली ती इथलीच झाली, आधी चाळीत, आता त्याच चाळीची बिल्डिंग झाली तर सातव्या माळ्यावर. काम विचाराल तर मिरच्या. मसाल्याच्या दुकानात बसून मिरच्यांची देठं काढायची, भाजायची, डंकावरून कुटून आलं की चाळायचं, जन्म त्यातच गेला बघा. हातातलं तिखट कितीही धुतलं तरी जात नाय. पोरगा लहान असताना मी नुसता तोंडावरून हात फिरवला तरी भोकाड पसरायचा, म्हणून त्याचं न्हाणं, तेल लावणं, भांग पाडणं सगळं आमच्या ह्यांनी केलं. हे गिरणीत बदली कामगार होते, गिरणी गेली मग वॉचमनची ड्युटी केली, पण पोराला शाळेत सोडताना भांग पाडल्याशिवाय कधी घराबाहेर काढला नाय.

निलेश आमचा एकुलता एक. चांगला शिकला, ऑफिसात लागला, आणि तिशीच्या आत पुढचं सगळं डोकं उघडं पडलं. तुम्हाला हसू येईल, पण ज्याचं लग्न ठरत नाय त्याच्या आईला विचारा. पोरी बघायला जायचो, पोहे खायचो, घरी येईपर्यंत फोन, पत्रिका जुळत नाय. पत्रिका कसली, एका बाईने तर माझ्यासमोर आपल्या नवऱ्याला विचारलं, मुलाचे काका आलेत, मुलगा कुठाय? निलेश तिथेच बसलेला. त्या दिवसापासून घरातसुद्धा टोपी घालून बसायला लागला.

मग त्याने दादरला जाऊन केस लावून घेतले. त्यासाठी आधी सगळं डोकं भादरतात, मला माहीत नव्हतं. मागचे केस मुळासकट काढून पुढे एकेक रोवतात. घरी आला तेव्हा कपाळाच्या वर नुसते लाल ठिपके, रवा सांडल्यासारखे. डॉक्टरने सांगितलेलं, हात लावायचा नाय, खाजवायचं नाय, उताणं झोपायचं, बाटलीतलं पाणी सारखं फवारायचं. माझे हात हे असे. मग काय, ह्यांनीच केलं सगळं. खिडकीत पोराला बसवायचे, चष्मा लावायचे आणि गुलाबपाणी शिंपडल्यासारखं फवारत राहायचे. पुढे डोकं धुवायची वेळ आली तेव्हा हातावर फेस करून नुसता टेकवायचे, चोळायचे नाय. मी बोलायची, अहो बाळंतीण आहे का ती? तर बोलायचे, तू गप, माझी बाग आहे.

आणि काय सांगू तुम्हाला, खपल्या जरा पडायला लागल्या आणि हे गेले. सकाळी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि बसल्या जागी गेले. दुखणं नाय, खुपणं नाय.

अग्नी निलेशनेच दिला. दहावा बाणगंगेच्या घाटावर होता. आमच्यात दहाव्याला मुलाने डोकं करायचं, म्हणजे सगळं भादरायचं असतं, तुमच्यात पण असेल. निलेशने डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर बोलला, आता कुठे तीन आठवडे होतायत, मागे कात्री लावा हवी तर, पुढे महिनाभर कात्रीपण नको, आणि वस्तरा तर काही महिने नावच काढू नका, नाहीतर सगळं फुकट जाईल. गुरुजी बिचारे समजूतदार, बोलले, मागचे चार केस कात्रीने घ्या, देवाला चालतं. पण देवाला चाललं तरी मोठ्या भाऊजींना चालेना. हे माझे थोरले दीर, गावचं घर त्यांच्या हातात. घाटावर सगळी भावकी जमलेली, न्हावी वस्तरा घेऊन बसलेला, आणि भाऊजी मोठ्याने बोलले, डॉक्टरासाठी डोक्या भादरलंस आणि बापाशीसाठी नाय?

निलेश खाली बघत उभा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी त्या दिवसापर्यंत भाऊजींसमोर कधी मान वर केली नव्हती. पण मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्या डोक्याला ह्यांनी जीव लावला, ते ह्यांच्याच नावाने खरवडून काढायचं? मी बोलली, माझा मुलगा डोकं करणार नाय. काय बोलायचंय ते मला बोला.

तर बोलले की. अजून बोलतात. भाऊजींनी आपल्या मुलाला, बाबूला, पुढे बसवलं. त्याने डोकं केलं, त्याने पिंड ठेवला, आणि कावळा कधी नव्हे तो लगेच शिवला. भाऊजी बोलले, बघा, कोणाच्या हातचं घेतलं ते. पोटचा पोर बाजूला उभा, पुतण्याच्या हातचं घेऊन गेला माणूस. ते मी डोळ्यांनी बघितलं आणि गिळलं. त्यानंतर गावच्या गणपतीला आम्हाला बोलावणं नाय. नंतर तर लावलेले केस आपसूकच गळले, मी हबकली, पण डॉक्टर बोलला गळायचेच असतात, मुळं आत आहेत. मग हळूहळू आले. छान आले, मी नाय बोलत नाय. लग्न ठरलं, झालं, सून चांगली आहे, ठाण्याला राहतात.

एक मात्र मला तेव्हा कळलं नाय, नंतर कळलं. त्या दिवशी घाटावर निलेश एकदा तरी बोलला असता, आई, राहू दे, काढतो मी. मी काढू दिलं नसतंच. पण बोलला असता.

आता परवा काय झालं ऐका. दुकानात बसली होती तर फोनवर फोटो आला, घरच्या ग्रुपवर, ज्यात भाऊजी पण आहेत. निलेश आणि त्याचा सासरा तिरुपतीला, दोघांची डोकी चकाचक, कपाळाला गंध, हसतायत. सासऱ्याचा कसला तरी नवस होता म्हणे, जावयानेपण सोबत केस दिले. खाली भाऊजींनी काही लिहिलं नव्हतं, नुसते जोडलेले हात पाठवले होते. मला त्या दोन हातांनी जेवढं लागलं ना, तेवढं घाटावरच्या शब्दांनी लागलं नव्हतं.

मी फोन केला. अरे केस दिलेस? तर बोलतो कसा, अगं आई, वर्षाच्या वर झालं, डॉक्टरला विचारूनच केलं, आता वस्तरा फिरवला तरी काही होत नाय, परत येतात. मी बोलली, बरं केलंस. बाबाची आठवण झाली का रे न्हाव्यासमोर बसताना, हे ओठावर आलं होतं. नाय विचारलं. नाय झाली असं बोलला असता तर मी काय करणार होती?

रविवारी आला होता प्रसाद घेऊन. खुंट आलेत आता, सगळीकडून सारखे. मी जेवायला वाढलं आणि बोलली, निलेश, माझ्या वेळेला तू डोक्याला हात लावू नको, मी बाबूला सांगून ठेवलंय. तो हसला. त्याला वाटलं आई मस्करी करते. बायकोला पण सांगितलं त्याने, आई बघ काय बोलते. सुखात राहू दे, केस भरभरून येऊ देत त्याचे. बाबू हो बोललाय.