चपलांवरनं पोरं निवडायचे मी

मी मूळची विंचूरकडची. बाप कांद्याच्या मार्केटात गोण्या उचलायचा. वस्ती आमची गावाबाहेर, आन् गावातनं जायचं म्हणलं का बाप चपला काढून हातात घ्यायचा, वेस वलांडली का परत घालायचा. मी लहान, मला वाटायचं चपला झिजू नये म्हणून करतो. लय दिवसांनी कळलं, ताई, तसं नव्हतं. पुढं आम्ही बौद्ध झालो, आन् त्या दिसापासनं बाप भर गावातनं चपला वाजवत जायला लागला. आई म्हणायची, अवो हळू चाला. तो आनखीच वाजवायचा.

लग्न होऊन नाशकात आले. मालक कॉलेजात शिपाई. ते वारले तवा माझी सुजाता चार वर्षांची, मग त्यांच्या जागी मला लावलं, माठ भरायचे, वऱ्हांडा पुसायचा. सत्तर-एकाहत्तर असंल, साल मला इचारू नका. कॉलेजात बास्केटबॉल व्हता, पण खेळणारं कोण? जिमखान्याचे थोरले सर, माणूस देवासारखा, बोलले का मात्र देवळालीची तोफ. जूनमधी अ‍ॅडमिशनच्या लायनीपाशी उभं राहून उंच पोरं शोधायचे. मीच एकदा म्हणलं, सर, लायनीत काय बघता, खेड्यातली पोरं भेदरून वाकून उभी राहत्यात. चपला बघा की! ऑफिसाच्या दाराशी सगळ्यांना चपला काढायला मीच लावायचे, फरशी पुसायची माझ्या जिवावर, मग? ज्याची चपल लांब, ते पोरगं लांब, नसंल तर व्हणार. सर हसले. पण दुसऱ्या दिवशी मला म्हणले, मावशी, तुम्हीच बघा.

पैला गावला तो हरसूलकडचा. टायरच्या चपला, दीड वीत लांब! मी कामधाम सोडून त्या चपलांपाशी उभी. पोरगा बाहेर आला, नुसता बांबू. म्हणलं चल माझ्यासंगं, तर रडकुंडीला आला, मावशी, म्या चोरी नाय केली. अरे मेल्या, चोरी कोण म्हणतंय, चेंडू खेळायचाय. त्यानं चेंडू कदी पायला नव्हता. सरांनी त्याला केळी खाऊ घातली, शिव्या घातल्या, आन् तिसऱ्या वर्षी त्यानं कप आणला. आणला तो आधी माझ्या माठावर ठेवला, म्हणला मावशी, तुझा हाय. अशी किती पोरं काढली म्या, पेठची, दिंडोरीची. लय माया केली पोरांनी.

मग थोरले सर रिटायर झाले, नवे आले, ते फाईलवाले. पोरंबी बदलली. देवळाली कॅम्पातली, मिलिटरीवाल्यांची, शाळेपासनं खेळलेली, पायात पांढरे बूट आन् हातात सर्टिफिकिटं. सर पत्रं टाकायचे, घरी जायचे, आईबापाला हॉस्टेलची खोली दाखवायचे. दुसरी कॉलेजंबी तेच करायची. आमचं ठरलेलं एक पोरगं तर स्टँडवर उतरलं आन् दुसऱ्यांनी टांग्यात घालून नेलं, आम्ही हार घेऊन बसलो! मी हसले तर सर चिडले. म्हणले, मावशी, चपला बघायचे दिवस गेले. गेले तर गेले, मी काय पगार घेत व्हते त्याचा? पण वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

तवर सुजाता बारावी झाली. बापावर, तिच्या दादांवर गेलेली, उंच, हाडापेरानं मोठी. पैलं स्थळ आलं त्यातल्या एका बाईनं दारातली तिची चपल पायानं सरकवली आन् म्हणली, ही कोण्या गड्याची? सगळे हसले. नकार आला. मग काय सांगू ताई, म्या पोरीला दोन नंबर लहान चपला आणल्या. टाच बाहेर लोंबायची. वर म्हणायचे, जरा पोक काढून चाल. पोरगी तशी चालायची बी.

त्याच जूनमधी कॉलेजात मुलींची टीम निघाली. सर्टिफिकीटवाल्या पोरी दुसरीकडं गेलेल्या, सर डोक्याला हात लावून. एक दिवस सुजाता माझा डबा घेऊन आली. चपला चावायच्या म्हणून हातात घेतलेल्या, आन् नळावर पाय धुऊन ओल्या पायानं वऱ्हांड्यातनं गेली. मागनं सर आले आन् थबकले. मावशी, ही पावलं कोणाची? पोराची का पोरीची? रविवारी दुसरं स्थळ येणार व्हतं. म्या म्हणलं, मला काय ठावं, आन् फडकं फिरवलं. माझ्या लेकीची पावलं म्या माझ्या हातानं पुसली.

संध्याकाळी पोरगी पाय शेकत बसली व्हती. बोटं एकावर एक चढलेली, करंगळीला रगत. आन् चपला हातात घेतलेला माझा बाप डोळ्यापुढं आला. त्याला गावानं काढायला लावल्या, हिला तर म्या, तिच्या आईनं. लय रडले.

सकाळी पेटीतनं मालकांच्या चपला काढल्या, पुसल्या, पोरीच्या पायात दिल्या. बरोब्बर बसल्या. म्हणलं चल, आन् नीट उभी राहून चाल. रस्ताभर फटक फटक वाजवत आलो दोघी. सर म्हणले, सर्टिफिकीट कुठंय? म्हणलं सर, सर्टिफिकीट नाय. चपला बघा. सरांनी खाली पायलं, मग वर पायलं, आन् फाईल मिटली. स्थळाला निरोप धाडला, येऊ नका, पोरगी कॉलेजात जातीय.

आता देवळालीकडं शाळेत खेळाची बाई हाय ती. लग्न झालं, जावई तिच्या कानापत्तूर येतो, पण मनानं मोठा. रविवारी येत्यात, तवा तिच्या चपला मी दारात पुढं मांडते. मागं एकदा मी तिचे पाय चेपत व्हते, तर म्हणली, आई, त्या दिवशी तू फडकं फिरवलं ते मी वऱ्हांड्याच्या कोपऱ्यावरनं पायलं व्हतं. माझा हात थांबला. इतकी वर्षं, ताई, पोरीनं पोटात ठेवलं! म्हणलं, मग बोलली का नाय गं? तर म्हणली, बोलणार व्हते, पण सकाळी तू दादांच्या चपला पुसत बसली व्हतीस.

चेपत राहिले पाय. सुखी राहा म्हणलं, बाई, आन् अशीच वाजवत ये.